कै. धुरपदाबाईंची आंबील

कॉलेजच्या फाटकाला कुलूप होतं आणि फाटकाबाहेर हातात फुलांचा गुच्छ घेऊन प्राध्यापक उत्तरेश्वर उभे होते. सकाळचे सव्वानऊ झाले होते. साडेदहाला राष्ट्रीय चर्चासत्राचं उद्घाटन होतं. कळंबहून स्कूटरवर येताना रस्त्यात त्यांना माणूस दिसलं नव्हतं. चहाची टपरी बंद, पानाचं दुकान बंद, एसटीच्या थांब्यावर फक्त एक शेळी. पण सरांना त्यात वावगं वाटलं नाही. उलट, सगळा तालुका चर्चासत्राच्या मानानं शांत झालाय, असंच त्यांना वाटत होतं. सर जागेपणी स्वप्नं बघणाऱ्यांपैकी होते. भाजी आणायला पिशवी घेऊन निघत आणि एखाद्या शब्दाचा विचार करत तीच रिकामी पिशवी घेऊन परत येत.

चर्चासत्राचा विषय त्यांनीच सुचवला होता : 'आपल्या बोलीतले गेलेले शब्द'. बावीस वर्षं त्यांनी एका वहीत असे शब्द गोळा केले होते. बरोबर चौसष्ट. त्याचं पुस्तक व्हावं, एवढीच त्यांची आयुष्यातली इच्छा होती. आणि ते पुस्तक काढायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्ष, डॉ. शिवलीला मठपती, आज पुण्याहून प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या.

शेवटी सरांनी प्राचार्य वैजनाथरावांना फोन लावला.

"सर, फाटकाला कुलूप आहे."

"असणारच की!" प्राचार्य काहीतरी चावत बोलत होते. "मानलं बुवा तुम्हाला. येळवशीच्या दिवशी सेमिनार! प्रमाणपत्रं काल वाटून झाली, स्मरणिका छापून झाली, फोटो मागच्या सेमिनारचे हायतच. कुणी यायचं न्हाय, कुणी जायचं न्हाय. असं डोकं आजवर कुणीच लावलं न्हवतं."

"येळवस? आज?"

पलीकडं चावणं थांबलं. "म्हंजे? तुमाला म्हाईत न्हवतं?" आणि मग वैजनाथराव इतके हसले, की त्यांच्या शेतातली बाकीची माणसंही काय झालं म्हणून विचारायला लागली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी या भागात घराला कुलूप लावून माणसं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करतात, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात आणि येईल त्याला आंबील पाजतात. छापील सुट्ट्यांच्या यादीत हा दिवस नसतो, आणि सर यादी बघून जगत. पंधरा वर्षं ते येळवशीला शेतात गेलेच नव्हते. घर रिकामं मिळतं म्हणून बोलीवर लिहीत बसत. काल रात्री जेवताना बायको, अर्पिता, म्हणाली होती, "म्या सकाळीच रानात जाणार हाय, तुम्ही येताव का?" सर म्हणाले होते, "हं."

तेवढ्यात धुरळा उडवत गाडी आली. डॉ. मठपती उतरल्या. पासष्टीच्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून आधीच पोस्टानं पाठवलेली स्मरणिका डोकावत होती. मूळचा इकडचाच ड्रायव्हर त्यांना उतरवून, "संध्याकाळी येतो मॅडम, आमचं बी रान हाय," म्हणून जो गेला, तो मागं वळून न बघता गेला.

"आधी एक विनंती," बाई म्हणाल्या. "उद्घाटनाआधी धुरपदाबाईंसाठी दोन मिनिटं मौन पाळू या. तुमची अर्पणपत्रिका वाचली आणि प्रवासभर मला चैन पडलं नाही."

सरांनी घाईघाईनं गुच्छ बाईंच्या हातात दिला. त्याचं असं झालं होतं. समितीनं त्यांचं हस्तलिखित एकदा परत पाठवलं होतं. शेरा होता : 'शब्द सांगणारी व्यक्ती हयात असेल, तर शब्द गेला असे कसे म्हणावे?' आणि सरांना बहुतेक शब्द सांगितले होते त्यांच्या चुलतीनं, मोठीआईनं, म्हणजे धुरपदाबाईंनी. ती ठणठणीत होती. सरांनी चार दिवस विचार केला, आणि पाचव्या दिवशी तिच्या नावाआधी हळूच 'कै.' घातलं. मग ओघात अर्पणपत्रिकाही लिहिली : 'जिच्या ओठांबरोबर हे शब्द निघून गेले, त्या माउलीस.' लिहिताना त्यांना खरोखरच भरून आलं. इतकं, की त्यांनी मोठीआईला फोन करून बरी आहेस ना, म्हणून विचारलं. हाच मजकूर, चौसष्ट शब्दांच्या यादीसकट, आता स्मरणिकेतही छापून आला होता.

"मॅडम, सभागृहात कुणीच नाही," सर कसेबसे म्हणाले.

"असेल कसं? मी उमरग्याकडची हो. चाळीस वर्षं पुण्यात काढली, पण येळवस विसरते की काय! तुमच्या पत्रातली तारीख पाहिली आणि म्हटलं, हा खरा अभ्यासक. चर्चासत्र शेतात ठेवलंय ना?"

सरांनी आयुष्यात एकच खोटं छापलं होतं. आता दुसरं बोलले. "हो."

स्कूटरच्या पायापाशी स्मरणिकांचा गठ्ठा, मागं डॉ. मठपती, अशी ती वरात येरमाळ्याच्या रस्त्याला लागली. थंडीतलं ऊन कोवळं होतं, ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि रानारानातून धूर निघत होता. एरवी सर गाडी थांबवून बघत बसले असते. आज मनात एकच होतं : स्वतःच्या रानाकडं फिरकायचं नाही, कारण तिथं कै. धुरपदाबाई पंगत वाढत असणार. म्हणून चार बांध अलीकडंच, त्यांचा जुना विद्यार्थी मल्लेश याच्या शेतात त्यांनी स्कूटर घातली.

"सर! या, या," मल्लेश धावत आला. "मॅडम, त्या बुचाडाला टेकून बसा, ऊन लागायचं न्हाय."

बाईंनी रचलेल्या कडब्याकडं पाहिलं, पिशवीतून स्मरणिका काढली, पानं उलटली. "बुचाड. तुमच्या यादीत सातवा. गेलेला."

"एखादा अपवाद असतो, मॅडम."

"अगं, बिंदगी इकडं आण, पावन्यास्नी आंबील वाढ," मल्लेश बायकोला म्हणाला.

"एकोणिसावा," आंबिलीच्या मडक्याकडं बघत बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिल काढली.

"चुंबळ कुटं ठिवलीय?" बायकोनं तिकडून विचारलं. "आन् आगटी इजली बगा!"

डोक्यावरची चुंबळ आणि शेकोटीची आगटी, पेन्सिल दोनदा चालली. आंबिलीचा पेला संपेपर्यंत अकरा शब्द जिवंत झाले, आणि हिरव्या दाण्यांची भज्जी आणि भाकरी पानात पडेपर्यंत सव्वीस. जो तो तोंड उघडत होता आणि सरांच्या पुस्तकाचं एकेक पान गळत होतं.

"तुम्ही हे शब्द गेले असं ठरवलंत कशावरून?" बाईंनी विचारलं.

"पाहणी केली. पहिल्या वर्षाच्या तीनशे मुलांकडून फॉर्म भरून घेतले. सगळ्यांनी 'माहीत नाही'वर खूण केली."

"त्या फॉर्मात म्या बी व्हतो, सर," मल्लेश भाकरी वाढता वाढता म्हणाला. "शेवटचा तास व्हता, आन् साडेचारची एसटी. 'म्हाईत हाय' म्हणलं की खाली अर्थ लिहावा लागत व्हता."

सरांना ज्वारीत जाऊन बसावंसं वाटलं. पण पळायला वाट नव्हती. पलीकडच्या बांधावरून, डोक्यावर बिंदगी घेऊन, ऐंशीच्या घरातली एक ताठ म्हातारी चालत येत होती. येळवशीला आपली आंबील दुसऱ्याच्या रानात न्यायची रीत असते, हेही सर पंधरा वर्षांत विसरून गेले होते.

"उत्तऱ्या! आपलं रान सोडून हितं बसलास व्हय रं? दगडोबाला म्हणलं, सराला घिऊन ये, तर माझं पोरगं माझं ऐकतंय कवा?"

"या, या धुरपदाकाकू," मल्लेश म्हणाला.

डॉ. मठपतींची पेन्सिल थांबली. "धुरपदाकाकू?"

"एकाच नावाच्या पुष्कळ बायका असतात, मॅडम," सर घाईघाईनं म्हणाले.

"आँ? मी त्याची चुलती हाय की," मोठीआई बिंदगी उतरवत म्हणाली. "बावीस वर्सं वही घिऊन माज्याच मागं फिरलाय ह्यो. काय काय लिवलंय त्यात, वाचा की कुणीतरी. मला तर अक्षर येत न्हाय."

सर नको म्हणायच्या आत मल्लेशनं गठ्ठ्यातली एक प्रत उचलली होती. विद्यार्थी होता तेव्हा त्याला वाच म्हटलं तर वाचत नसे. आज त्यानं खणखणीत आवाजात वाचलं, "कैलासवासी धुरपदाबाई यांस. जिच्या ओठांबरोबर हे शब्द निघून गेले…"

कुणीच काही बोललं नाही. आगटीत हरभरे तडतडत होते तेवढेच. अशा रीतीनं, ठरल्याप्रमाणं, दोन मिनिटांचं मौन पाळलं गेलं.

"म्या मेले व्हय?" मोठीआईनं विचारलं. "कवा?"

"मार्चमध्ये," सर पुटपुटले.

"तरीच! मार्चात तुजा फोन आला व्हता, बरी हायस का म्हून. म्या म्हणलं, पोराला माया आली." तिनं पदर सावरला. "तेराव्याला काय केलं व्हतं?"

मल्लेश बुचाडाआड गेला. हसू आवरायला दुसरी जागा नव्हती. सरांना मात्र आता खरंच रडू येत होतं. ते मोठीआईच्या पायापाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं : समितीचा शेरा, ते चार दिवस, बावीस वर्षांचं पुस्तक. "माझं चुकलं, मोठीआई. तुझ्यापेक्षा मला वही मोठी वाटली."

मोठीआईनं त्यांच्याकडं बघितलं, मग डॉ. मठपतींकडं. "बाई, त्येचं पुस्तक व्हईल का न्हाय?"

"असं नाही व्हायचं," बाई म्हणाल्या, पण आवाज कडक नव्हता. "उरलेले शब्द तुम्हालाच विचारते."

एकेक शब्द विचारला गेला. मोठीआई कुठं बोटानं दाखवी, कुठं "म्या आज सकाळीच म्हणले की" म्हणे. चौसष्टातले त्रेसष्ट खोडले गेले. राहिला शेवटचा : 'उनुळगी'. अर्थ, थंडीच्या उन्हात, जेवण झाल्यावर, झोप नाही नि जाग नाही अशी जी लहर येते ती. सरांचा सगळ्यात लाडका शब्द. कन्नडातून तो इकडं कसा आला, यावर त्यांनी नऊ पानं लिहिली होती.

"हा तरी गेलाय," सर आशेनं म्हणाले. "हा मी मोठीआईशिवाय कुणाच्याच तोंडून ऐकला नाही."

मोठीआईनं आठवून बघितलं, आणि एकदम तोंडाला पदर लावला. "आरं, त्यो व्हय? तू चुलीम्होरं बसून 'अजून येक सांग, अजून येक सांग' म्हून जीव खाल्लास. माजी भाकरी करपाया लागली. मग म्या तोंडाला आलं त्ये सांगून टाकलं."

"मलाही तो धातू कन्नडात कुठं सापडेना," डॉ. मठपती म्हणाल्या. "पण ती नऊ पानं इतकी गोड होती, की मी शोधत राहिले."

म्हणजे चौसष्टातला एकच शब्द मेलेला निघाला, आणि तोही कधी जन्मलाच नव्हता. सरांनी आणखी एक पेला आंबील घेतली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

जेवणं उरकली आणि रान हळूहळू गप्प झालं. कुणी कोपेला टेकलं, कुणी बांधावर आडवं झालं. सर पालथ्या टोपलीवर डोकं टेकून आभाळाकडं बघत राहिले. ऊन अंगावर मुरत होतं. ज्वारीची पानं सळसळत होती, की कुणी हलक्या आवाजात बोलत होतं, हे त्यांना नीट कळेना. त्यांना वाटलं, आपली वही उघडी पडलीय आणि तिच्यातले शब्द एकेक करून उठून रानात चाललेत, आणि आपण त्यांना बोलवत नाही. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. बावीस वर्षांत इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"सर झोपले का ओ?" मल्लेशच्या बायकोचा आवाज आला.

"न्हाय गं," मल्लेश पेंगत म्हणाला. "उनुळगी आलीय त्यांना."

शेजारच्या रानातून कुणीतरी पांडवांना आंबील द्यायला चला म्हणून हाक मारली. मल्लेशनं पडल्या पडल्याच ओरडून उत्तर दिलं, "थांबा की जरा, उनुळगी हाय!" तिकडं हशा झाला, आणि घटकाभरानं पलीकडच्या बांधावरूनही तोच शब्द ऐकू आला. डॉ. मठपती डोळे चोळत उठल्या. "किती वाजले? मला जरा उनुळगी आली होती…" आणि त्या बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि चौसष्टावा शब्दही खोडला.

"उत्तरेश्वर सर, तुमच्या पुस्तकात आता काहीच उरलं नाही."

"हो, मॅडम."

"छान झालं. आता दुसरं लिहा. असलेले शब्द. फॉर्म न भरता, इथं बसून. पुढच्या येळवशीला मी इथंच येऊन हस्तलिखित घेऊन जाईन." त्यांनी मोठीआईकडं पाहिलं. "आणि मुखपृष्ठावर दोन नावं हवीत."

"आन् त्यात म्या जित्ती पायजे," मोठीआई म्हणाली.

ऊन उतरेपर्यंत सर पेन्सिल घेऊन गठ्ठ्यापाशी बसले होते. चाळीस प्रती होत्या आणि प्रत्येकीतलं 'कै.' खोडायचं होतं. मोठीआई शेजारी मांडी घालून बसली होती. अक्षर येत नव्हतं, पण तिचं प्रत्येक प्रतीवर लक्ष होतं.

"ह्येच्यात जित्ती झाले का?"

"झालीस."

"आन् ह्येच्यात?"

"झालीस, मोठीआई."

शेवटची प्रत सरांनी उघडली, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"ती ऱ्हाऊ दे तशीच. दगडोबाला वाचून दावायचीय. रडतंय का न्हाय बघू दे मला."