सासूबाईंचा डबा आणि पाठक सरांचं विमान

पुंजाभाऊ चहाला येताना दिसले की आमच्या घरात आधी फडताळाचं दार बंद होतं, मग गॅस पेटतो. बावीस वर्षांच्या शेजारात आमची बायको एवढं शिकली आहे. पुंजाभाऊ चहा पितात एका हाताने. दुसरा हात मोकळा असतो आणि तो जवळच्या भांड्यावर टिचक्या मारत असतो. टिचकी मारायची, कान भांड्याजवळ न्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पत्रा बोलते बाबूजी, आयकनारा पाह्यजे." एकदा आमच्या झाऱ्याशी त्यांचं असं बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून झारा दिसेना. महिन्याभराने तो मला त्यांच्या दुकानात सापडला. त्याच्यावर फडकं ताणून त्यातून इंजिनाचं तेल गाळणं चाललं होतं. मी रागावलो, तर म्हणाले, "पुऱ्या तं कोनीबी तळते बाबूजी!"

मी शाळेत कारकून, म्हणून बाबूजी. पुंजाभाऊंचं साखरखेर्ड्यात ऑइल इंजिन आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दुकानात विकतची हत्यारं म्हणाल तर चार पाने आणि एक हातोडा. बाकी सगळी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे द्वारकावहिनींच्या, लग्नातल्या भांड्यांतून घडलेली. आपल्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर देणाऱ्याचं नाव घालून देतात. पुंजाभाऊंनी भांडी कापली, वाकवली, ठोकली, पण नावावर कधी कानस चालवली नाही. त्यामुळे ज्याचं नाव भांड्यावर, तेच नाव हत्याराला. मेहकरच्या मामांच्या डब्याची त्यांनी पिस्टनच्या रिंगा आवळायची पट्टी केली, ती 'मामा'. आत्याबाईंच्या उलथन्याचं एक टोक चालत्या इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं की आतली बारीक खरखर ऐकू येते, ती 'आत्या'. सासऱ्यांच्या ताटावर आमच्याच शाळेतला कोनमापक नेऊन त्यांनी अंश कोरले. इंजिनात तेलाचा फवारा नेमका कधी उडावा ते त्यावरून ठरतं. ते 'सासरे'. हत्यारं हातात द्यायला द्वारकावहिनी. "द्वारका, मामाले तेल लाव अन् आत्याले खुंटीवर टांग," असं दुकानातून ऐकू आलं की परगावचं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं.

लग्नांना तर त्यांना न्यायची सोयच नाही. एका लग्नात रुखवतातल्या प्रत्येक भांड्याला टिचकी मारत ते फिरले. मुलीकडच्यांना वाटलं, वरपक्ष माल तपासून राहिला. मिटवता मिटवता मला घाम फुटला आणि हे आपले कळशीला कान लावून उभे.

या हत्यारांना खरं काम मिळालं ते पाठक सरांमुळे. सर पॉलिटेक्निकमधून रिटायर झाले आणि गावाबाहेरच्या शेतात अकरा वर्षं खपून त्यांनी दोन माणसांचं विमान बांधलं. नकाशे, परवाने, उडवायचं लायसन, सगळं रीतसर. इंजिन मात्र एका जुन्या मोटारीचं, सरांनी स्वतः फेरफार करून बसवलेलं. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात पानोपानी एकेक खास हत्यार सांगितलेलं, आणि ते परदेशातून यायला चार-चार महिने. पुंजाभाऊंनी पुस्तकातलं एक चित्र निरखलं आणि म्हणाले, "सर, हे काम तं आमची आत्या करते." तेव्हापासून इंजिन त्यांच्या ताब्यात गेलं.

गावाला हसायला कारण मिळालं. "काय पुंजाभाऊ, इमानाले कुकरची शिट्टी बसवली का नाही?" चहाच्या टपरीवर रोज कुणीतरी विचारायचं. पुंजाभाऊ शांतपणे सांगायचे, "बसवली ना भौ. तीन शिट्ट्या झाल्या की उतरते."

शेवटी तपासणीची तारीख ठरली. विमान खात्याचे साहेब येणार, इंजिन चालवून बघणार आणि मग उडायची परवानगी. सरांनी मला स्पष्टच सांगितलं, "या वेळी जमलं तर जमलं. पुढच्या वर्षी डॉक्टर मला उडायला पास करतील याचा भरवसा नाही. मग विमान कॉलेजला देऊन टाकतो, पोरं बघतील तरी." हे पुंजाभाऊंच्या कानावर गेलं. "बघाले? इमान काय बघाले असते?" एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी चहाला आले नाहीत.

आठ दिवस राहिले असताना आत्याला काहीतरी ऐकू आलं. "बाबूजी, तिसऱ्या सिलिंडरात कोनीतरी खोकलून राह्यलं." उघडून पाहिलं, तर रिंगा गेलेल्या. सरांकडे नव्या रिंगांचे दोन संच होते. पण रिंगा आवळून धरल्याशिवाय पिस्टन सिलिंडरात जात नाही, आणि या पिस्टनांना मामा कमी पडले. पुंजाभाऊंनी बिस्किटाच्या डब्याची पट्टी केली. पत्रा मऊ निघाला, पट्टी फाकली आणि कडकन रिंग तुटली. दुसऱ्या डब्याचीही तीच गत. पहिला संच वाया गेला. एकच उरला.

आता हवा होता जुना, पातळ पण कडक पत्रा. तो कुठे आहे हे पुंजाभाऊंना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. द्वारकावहिनींच्या आईने धाड गावच्या बाजारातून घेतलेला डबा, 'चि. सौ. द्वारकास, आईकडून'. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. लग्नातलं तेवढं एकच भांडं साबूत राहिलं होतं. पुंजाभाऊ येता-जाता त्याला टिचकी मारायचे, ऐकायचे आणि जागच्या जागी ठेवून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांच्या शेतातल्या शेडमध्ये तोंड पाडून बसलो होतो, तर द्वारकावहिनी पदर खोचून आल्या. डब्यातल्या शेवया त्यांनी घरीच पेपरात काढून ठेवल्या होत्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं झाले, टिचक्या मारून राह्यले त्याले. कापा एकदाचा."

"नको द्वारका. आईचा हाय."

"आई काय डब्यात बसली हाय?" वहिनींनी पदराने डबा एकदा पुसला, पण हात मागे घेतला नाही. "पन इमान उडलं पाह्यजे. नाही उडलं तं तुमच्या दुकानाचं शटर कापून मी त्याचा डबा करीन, सांगून ठेवते."

पुंजाभाऊंनी डबा कपाळाला लावला आणि मगच कात्री घेतली. नाव तेवढं सोडून पट्टी कापली, कडा घासल्या, तेल लावलं. पहिला पिस्टन त्यांनी हलकेच ढकलला. सरांनी डोळे मिटून घेतले होते. पिस्टन सुर्रकन आत गेला. मग दुसरा, तिसरा, चौथा. एकही रिंग तुटली नाही. पाठक सरांसारखा शिस्तीचा माणूस शेडमध्ये टाळ्या वाजवत सुटला.

तपासणीचे साहेब आले. इंजिन असं चाललं की पंखावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा सांडलं नाही. साहेबांनी खूश होऊन विचारलं, "रिंग्ज बसवायला कोणतं टूल वापरलंत?"

"सासूबाई," पुंजाभाऊ म्हणाले.

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पुस्तकात तोंड घातलं.

"चारी पिस्टनं दाबून बसवले साहेब. सासूबाईशिवाय कोनाले जमते ते?"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि कागदावर 'स्थानिक साधन' असं लिहिलं. परवानगी मिळाली.

नियमाप्रमाणे सर आधी बरेच दिवस एकटेच उडाले. पहिल्या उड्डाणाला सगळी टपरी शेतात लोटली होती आणि शिट्टीचं नाव कुणी काढलं नाही. मग एका सकाळी सर म्हणाले, "पुंजाभाऊ, आज दुसरी सीट तुमची." पुंजाभाऊ इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी असे नटून आले. विमानापर्यंत गेले, पंख्यावरून हात फिरवला आणि मागे वळून म्हणाले, "द्वारका, बस."

"मी? मले काऊन?"

"भांडे कोनाचे होते?"

वहिनी आढेवेढे घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला, देवळात जाताना काढाव्यात तशा चपला खाली काढल्या आणि चढून बसल्या. विमान धावलं आणि उचललं गेलं. लोक नाचू लागले. पुंजाभाऊ मात्र विमानाकडे पाठ करून बांधावर बसले होते. वहिनींच्या चपला त्यांच्या बोटांना लटकत होत्या आणि दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबलेले होते. जन्मभर इंजिनं ऐकलेला माणूस, त्याला हेच एक इंजिन ऐकवत नव्हतं.

"बाबूजी, तुम्ही पाहा अन् मले सांगा," ते ओरडले. कान बंद असलेल्या माणसाला सांगणार कसं? मी हाताने खुणा करत राहिलो. वर गेलं. वळलं. परत येतंय. उतरलं. माझा हात खाली आला तेव्हा त्यांनी कान सोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

वहिनी उतरल्या त्या तरातरा चालत आल्या. "आपलं घर दिसलं," त्या म्हणाल्या. "अन् घराच्या पत्र्यावर माही परात ठोकलेली दिसली! तीन वर्सांपासून शोधून राह्यले मी!"

पुंजाभाऊंनी चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या.

पुढच्या बाजाराला ते एसटी बदलत धाडला गेले आणि एक कोरा स्टीलचा डबा घेऊन आले. नाव घालायला भांडेवाल्याकडे दिला नाही. दुकानात बसून स्वतः कोरलं. मी गेलो तेव्हा ते अक्षरांवर फुंकर मारत होते. "बाबूजी, तीस वर्सं सगळ्याइचे नावं वापरले. मामा, आत्या, सासरे, सासूबाई. परवा ध्यानात आलं, तिच्या एकाबी भांड्यावर माह्यं नाव नाही." डब्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'द्वारकास, पुंजाकडून'.

आठवड्याभराने ते आमच्याकडे चहाला आले. फडताळ बंद होतं. पुंजाभाऊंनी बंद दाराकडे पाहून हळूच विचारलं, "वैनी, एखांदा कडक पत्र्याचा डबा हाय काय? आमच्या घरी एक मस्त हाय, पन द्वारकानं त्याले कपाटात कुलूप लावून ठेवलं. किल्ली गळ्यात घालून फिरून राह्यली."