बोटभर कुंकू, दहा कान

बंदुकांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये! एकतीस वर्षं सरकारी शस्त्रकारखान्यात काढली आहेत मी. ही खरी गोष्ट आहे. माझ्या ज्या थोड्या गोष्टी खऱ्या आहेत, त्यांतली ही एक. तिथे मी नेमकं काय करत होतो हे मला कधी कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा आगाऊपणा, असे माझ्यावर लहानपणापासूनचे संस्कार आहेत.

तर गेल्या वर्षी मी आणि आमची बायको साधना, सुजीतकडे दुबईला राहायला आलो. सुजीत आमचा मुलगा. जुमेरा लेक टॉवर्समध्ये छत्तिसाव्या मजल्यावर राहतो. थापा मारायला छत्तिसावा मजला फार उत्तम! लिफ्ट येईपर्यंत ऐकणारा कुठे पळून जाऊ शकत नाही.

त्या रविवारी जेवायला जहूर आला होता. जहूर साधनाच्या माहेरच्या गावचा, रत्नागिरीकडला. तिला तो आक्का म्हणतो, त्यामुळे मी आपोआप भावोजी. बारा वर्षं दुबईतल्याच अल क्वोज भागात एका परवानाधारक रायफल-वर्कशॉपमध्ये आहे. शूटिंग क्लबच्या रायफली पुसायच्या, तेल द्यायचं, परत कपाटात ठेवायच्या. डोक्यावर केस एक नाही, पण हात सोनाराचा.

पापलेटचा काटा काढता काढता म्हणाला, "आक्का, पयल्यांदाच आख्खी रायफल बांधायला दिलीय मला. उमैमा मॅडम म्हणून आहेत, इथल्याच, अरबी. हजार मीटरवर नेम धरतात. आमच्या मालकांनी, नोमान साहेबांनी, पाच ॲक्शन मागवल्यात. त्यातली एक निवडायची."

"ॲक्शन म्हणजे?" सुजीतने विचारलं.

"रायफलचं काळीज. बोल्ट ज्यात मागं-पुढं सरकतो नि गोळी कोंडून धरतो, तो भाग. नळी बदलता येते, लाकडी दस्ता बदलता येतो. पण फ्याक्टरीतून ॲक्शनच वाकडी आली, तर वर सोनं मढवा, गोळी वाकडीच जाणार."

"आणि निवड चुकली तर?" साधनाने विचारलं.

जहूरने काटा ताटाच्या कडेला ठेवला. "खिडकीजवळचं मोठं टेबल आहे आक्का, जर्मन माणूस बसायचा तिथं. तो गेला. रायफल जमली तर टेबल माझं. नाय जमली तर काम जर्मनीला जाणार, नि मी परत तेलाच्या डब्याकडं. बारा वर्षं झाली तेल देतोय."

इथे शहाण्या माणसाने आमटी वाढून घेतली असती. मी म्हणालो, "अरे जहूर, घरात गंगा आणि तू तहानलेला? मी येतो! डोळे मिटून, नुसत्या बोल्टच्या आवाजावरून ॲक्शनची जात सांगतो. दोन लाख रायफली गेल्यात या हाताखालून!"

"आजोबा, लास्ट टाइम यू सेड वन लाख," नात शुभ्रा मोबाइलमधून मान न काढता म्हणाली.

"मधे महागाई वाढली!" मी म्हणालो.

जहूरचे डोळे मात्र चमकले. बिचाऱ्याचा माझ्यावर विश्वास होता. मला भेटून त्याला फक्त तीनच महिने झाले होते.

बुधवारी निघालो. नेमकी खंडेनवमी! साधनाने हातात एक चपटी डबी आणि झेंडूची दोन फुलं दिली. "हत्यारांपाशी जाताय, तर दोन बोटं कुंकू लावून या. पोराचं काम होऊ दे. आणि जपून वापरा, झेंडू पंधरा दिरहमला पडलाय. साडेतीनशे रुपये!" कुंकू तिने खोबरेल तेलात कालवून दिलं होतं, लोखंडावर धरावं म्हणून. हळद दिली नाही. सुजीतच्या पांढऱ्या सोफ्यावर सांडल्यापासून त्या घरात हळद फक्त वरणात जाते.

वर्कशॉपच्या दारात पासपोर्ट बघितला, रजिस्टरमध्ये सही घेतली, मोबाइल काढून घेतला. डबी उघडून रखवालदाराने वास घेतला आणि "मेडिसिन?" म्हणून परत दिली. आत सगळं इतकं स्वच्छ, की मी चपला काढायला लागलो होतो.

टेबलावर पाच ॲक्शन ओळीने मांडलेल्या. एक ते पाच नंबरच्या चिठ्ठ्या. नळी नाही, दस्ता नाही, नुसती धडं. शेजारी त्यांची लाकडी खोकी. खोकी बघून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं, पण मी चेहरा कोरा ठेवला.

"प्रत्येक बोल्ट धा-धा वेळा खोला नि बंद करा भावोजी," जहूर म्हणाला. "जोर लावून."

मी डोळे मिटले. खट्-खटाक! खट्-खटाक! मान अशी डोलवत होतो की समोर गवई बसलाय. तीन नंबरचा बोल्ट उघडला, तर तो आत डुगडुगायला लागला.

"छ्या!" मी म्हणालो. "पडायला आलेल्या दातासारखा हलतोय! बाद!"

"भावोजी, उघडा असताना बोल्ट हलतोच. बंद केल्यावर हलतो काय ते बघायचं."

"मला शिकवतोस?"

"नाय, नाय." जहूरने चार नंबर पुढे सरकवला.

पाच नंबर लावला, आणि काय सांगू! तुपातून सुरी फिरावी तसा बोल्ट. "हीच! हीच ती!"

"तिच्यात मागल्या बाजूला कंपनीचं ग्रीस ऱ्हायलंय जरा—"

"जहूर!"

"ऱ्हायलं." आणि तो पुढे जे सांगणार होता, तेही राहिलंच. त्याबद्दल मी त्याला आजतागायत दोष देत नाही.

माझे पन्नास हात मारून झाले. खांदा असा निखळला होता की तो पाच ॲक्शनच्या शेजारी सहावा म्हणून ठेवावा! जहूरने पाचही बोल्ट बाहेर काढले, भिंग लावून त्यांच्या टोकांकडे बघितलं आणि गालात हसला. मग पांढऱ्या फडक्यावर ते ओळीने ठेवले.

"नमाज पढून येतो, भावोजी. वीस मिन्टं. तोवर साहेब नि मॅडम येतीलच. तेवढं कशाला हात लावू नका."

तो गेला. मी एकटा. काचेपलीकडे रखवालदार.

बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना दोन कान असतात. बोल्ट बंद केला की हे कान आत खाचेत अडकतात, आणि बार उडाल्यावरचा सगळा दणका हे दोन कान झेलतात. मी वाकून बघितलं. कानांना लाल काहीतरी लावलेलं! दहाच्या दहा कानांना! आणि बऱ्याच ठिकाणी पुसलं गेलेलं.

मी हातच जोडले हो! म्हटलं, बघा, जहूर स्वतः पाच वेळची नमाज पढणारा. पण भावोजी येणार, खंडेनवमी आहे, म्हणून त्याने आठवणीने हत्यारांना कुंकू लावून ठेवलं! आणि मी आडदांडासारखे पन्नास हात मारून ते पुसून टाकलं! असा माणूस या जगात शोधून सापडायचा नाही. म्हणजे जहूर. माझ्यासारखे पुष्कळ सापडतात.

मग काय! डबी उघडली. अनामिका बुडवली. एकेक कान, कुठे जागा सुटू न देता, छान लाल केला. मनातल्या मनात आरती म्हटली. झेंडूचं एक फूल तीन नंबरला वाहिलं, बाद झाली होती म्हणून. दुसरं पाच नंबरला, कौतुकाने. रखवालदार काचेतून आदराने बघत होता. परदेशी एक्स्पर्टची पद्धत असावी, असं त्याला वाटलं असणार. फुलं पुन्हा खिशात घातली; साडेतीनशे रुपये होते.

तेवढ्यात नोमान साहेब आले. अंगात पांढराशुभ्र कंदुरा, अरबांचा पायघोळ झगा. बरोबर काळ्या अबायातली उंच मुलगी, उमैमा. माझ्याशी हात मिळवून साहेब म्हणाले, "इंडिया का बड़ा एक्स्पर्ट! जहूर ने बहुत बोला आपके बारे में." मी नम्रपणे मान झुकवली. तिच्यात तेवढीच लवचीकता उरली होती.

जहूर आला, हसतच. "साहेब, टेस्ट हो गया. कान पे लाल रंग लगाया था. रोज वाला ब्लू रंग खतम था ना. फिर दस-दस बार बंद किया. जहाँ लोहे को लोहा लगता है, वहाँ रंग उड़ जाता है. दोनों कान का रंग बराबर उड़ा, तो ॲक्शन सीधा. एक ही कान का उड़ा, तो सब धक्का एक कान पे. देखिए!"

माझा हात खिशातल्या डबीवर गेला.

साहेबांनी एक नंबर उचलला. लालभडक. दोन नंबर. लालभडक. पाचही! दहाच्या दहा कान नवऱ्या मुलीच्या भांगासारखे भरलेले!

"जहूर," साहेब हळू आवाजात म्हणाले, "रंग तो कहीं उड़ा ही नहीं. लोहा लोहे को लगता नहीं, तो बोल्ट हवा में बंद होता है?"

जहूरने भिंग उचललं. "साहेब, अभी देखा था मैंने… तीन नंबर… दोनों कान…"

"टेस्ट किया ही नहीं तुमने. रंग लगाया और छोड़ दिया. बारह साल में मुझसे पहला झूठ, वो भी मॅडम के सामने!"

"वल्ला, साहेब, अल्ला कसम, किया!"

"खलास. काम जर्मनी जाएगा."

खिडकीजवळच्या त्या मोठ्या टेबलाकडे जहूरने एकदा बघितलं, आणि मग तेलाच्या डब्याकडे.

मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक तोंड उघडून मारली आहे. त्या क्षणी मात्र नुसतं तोंड बंद ठेवलं असतं, तरी ती सगळ्यांत मोठी झाली असती. कुणाला माझा संशय नव्हता. मी एक्स्पर्ट होतो!

"साहेब," मी म्हणालो, "वो मैंने किया."

"क्या किया?"

"कुंकू लगाया. आज हमारा शस्त्र का पूजा का दिन है. मेरे को लगा, जहूरने लगाया था और पुस गया… मतलब… मिट गया. तो मैंने फिर से लगाया. दसों कान को. अच्छे से."

जहूर माझ्याकडे असा बघत होता, की त्यापेक्षा कानफटात मारली असती तर बरं.

उमैमाने एक बोल्ट नाकाशी नेला आणि खुदकन हसली. "नारियल! मुझे आते ही पता चल गया था, अंकल. हमारी आया ने बीस साल यही तेल मेरे सर पे लगाया है. और जहूरभाई को तो बाल ही नहीं! मैं देख रही थी, कौन बोलता है."

नोमान साहेबांना हसू आलं नाही. "आप रायफल फॅक्टरी में क्या करते थे?"

अखेर हा प्रश्न आला! एकतीस वर्षं आणि दोन लाख रायफलींनंतर.

"पॅकिंग," मी म्हणालो. "लकड़ी का खोका. खिळा बराबर बैठा क्या, कुंडी लगती है क्या, वो चेक करता था."

"और रायफल? कितनी हाथ में ली?"

"एकतीस."

"एकतीस हजार?"

"एकतीस. हर खंडेनवमी को हमारे सेक्शन में एक रायफल पूजा के लिए आती थी. टिळा मैं लगाता था."

मग उमैमा म्हणाली, "यल्ला, चलो, फिर से करो. हमारे सामने. और बोल्ट अंकल ही चलाएँगे."

जहूरने दहाही कान थिनरने धुतले, पुसले, पुन्हा रंगवले. पाच नंबरमधलं ग्रीसही काढलं. मी पुन्हा पन्नास हात मारले. या वेळी डोळे उघडे ठेवून, तोंड मिटून.

पाच नंबर, माझी लाडकी! ग्रीस गेल्यावर ती जात्यासारखी घरघरायला लागली. एका कानाचा रंग उडालेला, दुसऱ्याचा जसाच्या तसा. आणि तीन नंबर, तो डुगडुगणारा दात? बंद केल्यावर केसभर हलेना! दोन्ही कानांवर लोखंड सारखं चमकत होतं, जुळ्या भावंडांना एकाच मापाने दूध पाजावं तसं.

साहेबांनी भिंगातून बघितलं. मग जहूरच्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंग खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवलं. जहूर पाठमोरा होऊन बराच वेळ हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

परतताना गाडीत मी म्हणालो, "जहूर, चुकलंच माझं."

"चुकलं," तो म्हणाला. सिग्नलवर थांबल्यावर पुढे म्हणाला, "पण भावोजी, पन्नास हात मारायला मला कुणीतरी पायजेच होतं. शंभर मारलेत तुम्ही. माझा खांदा वाचला." म्हणजे मला परीक्षक म्हणून नेलंच नव्हतं की काय, हे विचारायचं मी टाळलं. न विचारलेल्या प्रश्नांबद्दलचे माझे संस्कार तुम्हाला ठाऊक आहेतच.

घरी आल्यावर साधनाने विचारलं, "झाली का पूजा?"

"इतकी मनापासून झाली की सगळ्यांच्या लक्षात राहील," मी म्हणालो. या घटनेबद्दल मी तिला सांगितलेलं तेवढंच खरं वाक्य.

यंदा खंडेनवमीच्या दोन दिवस आधी जहूरचा फोन आला. तीन नंबरवर बांधलेली रायफल घेऊन उमैमा अबू धाबीच्या स्पर्धेत दुसरी आली होती. आता तिचं म्हणणं होतं, की कुंकूवाले अंकल आल्याशिवाय नवीन मोसम सुरू करायचा नाही.

मी फोन स्पीकरवर टाकला. सुजीत, साधना, शुभ्रा, सगळ्यांना हाक मारली. छाती आपोआप पुढे आली. "ऐका! खुद्द अरबांचं बोलावणं! रायफलला टिळा माझ्या हातचा हवाय म्हणे!"

"भावोजी," स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "नोमान साहेबांची एक अट हाय. रायफलला तुम्ही हात लावायचा नाय. टिळा लावायचा तो खोक्याला!"