काठावरच्या मोटारी हलवाव्यात

हॅलो.

"तितं जेवाया कोन घालनार?" नंदाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"आई, पगारासोबत जेवण असतं."

"अन काम काय?"

"रात्रभर गाणी लावायची. लोक नाचतात."

"म्हंजी रातभर जागायचं. मंग वॉचमन म्हन की."

 राजेश्वरीने, म्हणजे राजीने, हेडफोन बॅगेत टाकले, त्यावर नारळाच्या झाडांचा शर्ट कोंबला आणि चेन ओढली. चेन नारळात अडकली.

कान्हे आणि आसपासच्या पंधरा-वीस गावांत राजीचा चेहरा फारसा कोणाला ठाऊक नव्हता. आवाज मात्र म्हशीसुद्धा ओळखत. सहा वर्षं ती 'रेडिओ शिवार'वर रोज सकाळी साडेसहाला बोलली. भातावरचा करपा, जनावरांचं लसीकरण, हरवलेली शेळी, सापडलेली शेळी. धरणाचं पाणी तर आधी राजीच्या तोंडून सुटायचं आणि मग धरणातून. ती म्हणाली साडेसहा, की साडेसहा. घड्याळ पुढे-मागे दिसलं तर लोक घड्याळाला चापट मारत.

मग दोन वर्षांपूर्वी ती मैत्रिणींबरोबर पाच दिवस थायलंडमधल्या एका बेटावर गेली आणि बिघडली. 'बिघडली' हा शब्द नंदाबाईंचा. तिथे रात्री एक वाजता आजीच्या वयाच्या बाया चपला हातात धरून घोटाभर समुद्रात नाचत होत्या. कोणाची गं तू, घरी कोण कोण असतं, लग्नाचं काय, असं कोणी विचारत नव्हतं. बांबूच्या मांडवात एक बाई नुसती बोटं फिरवत होती आणि तिच्या बोटांवर पाचशे माणसं हलत होती. इकडे मावळात रात्री नऊनंतर बाहेर हिंडतो तो बिबट्या. नाईटलाईफ काय ती त्याचीच.

परत आल्यावर राजीने रेडिओ सोडला, कन्सोल घेतला आणि 'डीजे राझ' झाली. तेव्हापासून तिने एकोणतीस हळदी आणि एक सत्यनारायण वाजवला होता. बेट डोक्यातून जात नव्हतं. आज संध्याकाळी ते एकतर हाताला लागणार होतं, नाहीतर कायमचं जाणार होतं.

(इथे एक गाणं वाजलं असं समजा. ढॅण ढॅण. पुढे चला.)

चेक.

तुंगार्लीत रिसॉर्ट चालवणारी उम्मेहानी तांबोळी दर हिवाळ्यात त्याच बेटावरच्या एका क्लबला एक डीजे पाठवायची. तीन महिने, जागा एक. राजीने तिला शोधून काढून चार महिने पिच्छा पुरवला होता. शेवटी यादीत दोनच नावं उरली: राजी आणि पुण्याचा एक मुलगा. मुलाची परीक्षा गेल्या शनिवारी झाली. राजीची आज, आणि परीक्षेची जागाही बेटच. नदीच्या दोन फाट्यांमध्ये तीन करंजांची एक टेकडी होती. गावातले लोक तिला पिढ्यान्‌पिढ्या बेट म्हणत आले होते, फक्त तिथे जायचे पैसे कोणी घेतले नव्हते.

"घोटाभर पाणी ओलांडलं की बेट," उम्मेहानी म्हणाली. "पाहुण्यांना चपला हातात घेऊन चालवणार. फोटो छान येतात. आणि हे बघ राजी, गाणी काय, कोणीही लावेल. मला लोक जागचे उठलेले दिसले पाहिजेत. उठवशील?"

"उठवते."

"त्या मुलाने सहा उठवले. त्यातले दोन जेवायला."

कामशेतचा साऊंडवाला गुलजार आठ स्पीकर घेऊन सकाळपासून आला होता. सगळ्यांची तोंडं त्याने पाण्याकडे केली होती.

"ताई, पाण्यावरनं आवाज लय लांब जातो."

"किती लांब?"

"ते लावल्यावर कळंल."

एकच माणूस नाराज होता. काठावरच्या मळ्याचे केरबा आबा. आदल्या दिवशी ते येऊन परवानगीचा कागद उलटसुलट करून वाचून गेले होते.

"आबा, रात्री दहापर्यंतची परवानगी आहे," राजीने डीजेच्या आवाजात, म्हणजे नाकातून, सांगितलं होतं.

"व्हय, बगितला कागद. कागदाला कान न्हाईत, त्याचं काय जातंय? माज्या म्हशी आटत्याल."

एक, दोन.

आता चूक सांगायची वेळ आली. ती दुसर्‍या कोणाच्या हातून झाली नसती. सहा वर्षं रेडिओवर सूचना वाचलेल्या बाईच्याच हातून होऊ शकत होती.

बाकीचे लोक माईक तपासताना हॅलो, चेक, एक, दोन म्हणतात. राजीचा घसा 'हॅलो'ने लागतच नसे. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने जी सूचना वाचली, ती म्हटल्याशिवाय तिचा आवाज जागेवर बसत नसे. पूजेआधी घंटा वाजवावी, तसं. एकोणतीस हळदींत ती ते मिक्सरवरची माईकच्या आवाजाची दांडी पार खाली ओढून, हेडफोन लावून, स्वतःपुरतं म्हणत आली होती.

साडेपाच वाजले. पन्नास पाहुणे चपला हातात घेऊन, किंचाळत, घोटाभर पाण्यातून येत होते. राजीने दांडी खाली ओढली, डोळे मिटले आणि त्याच क्षणी गुलजारला वाटलं, ताई बोलतायत आणि दांडी खाली कशी? त्याने प्रेमाने ती वर सरकवली. शेवटपर्यंत.

"नदीकाठच्या सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की, धरणातून नदीपात्रात पाणी सोडण्यात येणार आहे. काठावरच्या मोटारी हलवाव्यात. जनावरे उंचावर न्यावीत. कोणीही पात्रात थांबू नये."

आठ स्पीकर. पाण्यावरनं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सुरुवातीचं काहीतरी कलात्मक असावं. पण नदीकाठचे पंप एकेक करून बंद पडत गेले आणि अशी शांतता झाली की करंजावरचा बगळासुद्धा मान वळवून बघायला लागला.

"लाईट गेली वाटतं," गुलजार म्हणाला.

लाईट गेली नव्हती; पंप लोकांनीच बंद केले होते. दोन्ही काठांवरून म्हशी चढाला लागल्या होत्या. त्यांच्या मागे बाया, बायांच्या मागे शेळ्या. वीस-पंचवीस माणसं दोर घेऊन पाण्यात उतरली आणि 'हैय्या' म्हणत पंपांच्या मोटारी ओढायला लागली. आणि मळ्याच्या वाटेने, ट्रॉली खडखडवत, केरबा आबांचा ट्रॅक्टर थेट बेटावर आला.

"चला, चला! बाया-पोरं आदी! पिशव्या र्‍हाऊ द्या!"

"अहो, झालं काय?" उम्मेहानीने खुर्चीतूनच विचारलं.

"पानी सुटतंय!"

"कोण म्हणालं?"

"राजी म्हनली!"

"कोणती राजी?"

"रेडूवरची! आमची!" आणि दोन गड्यांनी उम्मेहानीला खुर्चीसकट उचललं.

राजीने माईक ओढला. "हे गाईज! रिलॅक्स! ऑल गुड, ओके?"

"ही कोन नाकातनं बोलतीय?" केरबांनी विचारलं. "हिला बी घ्या ट्रॉलीत."

एक, दोन, एक, दोन.

मग राजीने नाक सोडलं आणि स्वतःचा, साडेसहाचा आवाज काढला.

"ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की, पाणी सोडण्यात येणार नाही. मघाशी केवळ माईकची तपासणी झाली. कृपया मोटारी हलवू नयेत."

काठावर सगळे थबकले. केरबांनी मान हलवली, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "दबाव आला पोरीवर. वरनं फोन आला असनार."

"असनारच!" पलीकडच्या काठावरून कोणीतरी ओरडलं.

काम दुप्पट जोरात सुरू झालं. पाहुणे तीन खेपांत गेले. चौथ्या खेपेला आठ स्पीकर. एकेक स्पीकर चौघांच्या खांद्यावर, मागे गुलजार: "अरे, आडवा नका धरू! त्याला चक्कर येते!" शेवटी टेबल, टेबलावर कन्सोल, आणि कन्सोल सोडायला तयार नसलेली राजी.

नदीला पाणी सुटणार असलं की प्रत्येक घरातून शाळेत भाकरी पोचवायची, ही तिथली जुनी रीत. कोण अडकेल सांगता येत नाही. त्यामुळे ट्रॉली उंचावरच्या शाळेत पोचेपर्यंत पिठल्याची पातेली येऊन बसली होती. नंदाबाई व्हरांड्यात वाढत होत्या. नारळांच्या शर्टातली लेक ट्रॉलीतून उतरताना त्यांनी पाहिली.

"आली का वॉचमनबाई? घे, खाऊन घे. तितं जेवान हुतं का?"

राजीला रडू येत होतं. बेट गेलं हे उघडच होतं. पण त्याहून एक गोष्ट जास्त सलत होती. सहा वर्षांत तिने एकदाही खोटी सूचना वाचली नव्हती. ती शाळेच्या पायरीवर उभी राहिली. माईक नव्हता, आणि गंमत म्हणजे घसा आपोआप लागला.

"ऐका. ती नाकातून बोलणारीही मीच, आणि सूचना दिली तीही मीच. पाणीबिणी काही नाही. चूक माझी. दबाव-बिबाव काही आला नाही. माफ करा."

 मग केरबांनी कांदा बुक्कीने फोडला.

"म्हाईत हाय."

"काय?"

"धरनात पानी हाय का सोडाया? सकाळीच बगून आलतो."

"मग आबा, हे एवढं सगळं कशाला?"

"तू बोललीस अन आमी बसून र्‍हायलो, असं एकदा झालं की दुसर्‍या बारीला बी बसून र्‍हातील. अन दुसर्‍या बारीला खरंच पानी आलं म्हंजी?" केरबा गंभीरपणे म्हणाले.

राजीचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिची नजर शाळेच्या फाटकाशी गेली. तिथे ट्रॅक्टरच्या सावलीत, शेवाळाने हिरवीगार झालेली, चिखल गाळणारी एक भलीमोठी मोटार विसावली होती.

"आबा, ही कोणाची?"

"माजीच." केरबा कांद्याकडे बघत म्हणाले. "सा महिनं गाळात रुतलती. एकट्यानं निघंना. वीस मानसं फुकट कोन देतंय गं आजकाल? अन तुजं ते ढॅण ढॅण बी उचललं गेलं. कागदाला हात न लावता."

व्हरांड्यात हशा पिकला. त्यात सर्वात मोठा आवाज खुर्चीतून आला. उम्मेहानी अजून त्याच खुर्चीत होती, मांडीवर पिठलं-भाकरीची ताटली.

"राजी, मी काय म्हणाले होते? लोक उठले पाहिजेत."

"हो. सॉरी."

"सॉरी काय? दोन्ही काठ उठले. म्हशी उठल्या. मला खुर्चीसकट उठवलं. पाहुणे विचारतायत, हे दर शनिवारी असतं का." तिने बोट चाटलं. "जा तू बेटावर. फक्त एक अट. ते जे काय बोललीस, ते तिथे रोज सुरुवातीला बोलायचं. समजणार कोणाला नाही. पण अंगावर काटा येतो."

तीन.

(माईक तपासताना तीनपर्यंत सहसा कोणी जात नाही. राजी गेली.)

बांबूचा मांडव, घोटाभर समुद्र, हातात चपला धरलेली पाचशे माणसं. राजीने डोळे मिटले. दांडी या वेळी तिने स्वतःच वर सरकवली.

"नदीकाठच्या सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की..."

पाचशे माणसांनी हात वर केले, शिट्ट्या वाजवल्या. कोणाला ओ की ठो कळलं नाही. पण अगदी मागे, पाण्याच्या कडेला, एक टोपीवाला गृहस्थ खाडकन उठला. त्याने दोन्ही चपला काखेत मारल्या, भाड्याची आरामखुर्ची डोक्यावर घेतली आणि निमूटपणे चढाला लागला. नाचणार्‍यांतून त्याची बायको ओरडत राहिली.

राजीला हसू आवरेना. तिने माईक जवळ घेतला. "अहो दादा, मावळातले ना? खाली या! पाणी सुटणार नाही. इथे धरण नाही, समुद्र आहे!"

टोपीवाल्याने चढावरून मागे न बघता हात हलवला.

"म्हाईत हाय गं, राजी! पर ही दोन दिस नाचाया वडतीय. हितनं उठाया कायतरी कारन पायजे हुतं!"