मधुकर मिस्त्रींचा आठवा काप

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत मधुकर मिस्त्रींच्या दुकानात शिरायचं तर आधी पदर खोचावा लागे, बांगड्या मागे साराव्या लागत आणि मशीन चालू असेपर्यंत तोंड बंद ठेवायचं कबूल करावं लागे. देवळातसुद्धा इतके नियम नाहीत.

"ताई, पात्याला माणूस ओळखू येत नाही," मिस्त्री म्हणत.

नव्वदच्या दशकात हातकरवत सोडून विजेचा कटर घेणारे आमच्या भागातले ते पहिले, आणि त्याला सर्वांत जास्त घाबरणारेही तेच. माप घेताना ते प्लग काढून शर्टाच्या खिशात खोचत. त्या वायरीमुळे मशीनने त्यांना दाव्याला बांधलंय असं वाटे.

तिरका काप हा त्यांचा जीव की प्राण. चौकटीला कोपरे चार, काप आठ, आणि प्रत्येक काप पंचेचाळीस अंशांचा. "सरळ कापताना लाकूड ऐकतं. तिरकं कापताना पातं त्याला बाजूला ओढतं," असं सांगत ते फळी शिकंज्यात आवळत. हात पात्यापासून वीतभर लांब. पातं पुरतं थांबल्याशिवाय तुकडा उचलायचा नाही. आधी टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे कापून जोडायचे, काटकोन बसतो का बघायचं, मगच खऱ्या लाकडाकडे वळायचं.

"अर्धा अंश चुकला की आठ कापांत चार अंश! सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसते."

एका दिवाळीत त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, शंकरपाळ्यांना कोनमापक लावला होता. वहिनींनी लाटणं उगारलं तेव्हा कुठे फराळ पुढे सरकला.

एवढं करूनही चौकट लगेच हातात पडत नसे. बुधवारी पेठच्या एसटीने सोमा भोये येणार, तो कोपरे तपासणार, मग चौकट मिळणार. गिऱ्हाईक कितीही चरफडलं तरी बुधवार म्हणजे बुधवार.

सोमा एकेकाळी त्यांचा जोडीदार. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. ती कशी गेली हे वहिनींनीच मला सांगितलं. सोमा तिरका काप घेत होता आणि दारातून मिस्त्रींनी हाक मारली, "सोमा, चहा!" सोमाने मागे वळून पाहिलं, तेवढ्यात फळी सरकली. "दोन बोटं गेली, आता माझा काय उपयोग?" म्हणत तो गावी गेला आणि वर्षभर घराबाहेर पडला नाही. शेवटी मिस्त्री स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. म्हणाले, माझी नजर गेली, माझं काम बघायला कोणीतरी पाहिजे.

बहिणीच्या साखरपुड्यासाठी मी आरशाची चौकट सांगितली होती. साखरपुडा गुरुवारी. घाई करायला म्हणून मंगळवारी दुपारी गेले. मशीन चालू होतं, म्हणून पदर खोचून मुकाट्याने मागे उभी राहिले. मिस्त्रींना पत्ताच नव्हता.

सात काप झाले. आठव्याच्या आधी त्यांनी प्लग काढला, स्क्रू सैल केला, काटा पंचेचाळिसावरून केसभर सरकवला आणि पुन्हा आवळला. टाकाऊ तुकड्यावर दोनदा करून पाहिलं. मग नेहमीइतक्याच काळजीने तो काप चुकवला.

पातं थांबल्यावर मी विचारलं, "मिस्त्री, हे मुद्दाम?"

ते चपापले. चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "सोमाला काहीतरी सापडायला नको का, ताई? नाहीतर तो यायचा बंद होईल. कुणाला सांगू नका."

त्यांच्यावर मनातल्या मनात मी फार चिडले होते, त्याची मला लाज वाटली.

बुधवारी मुद्दाम गेले. सोमाने चौकट मांडीवर घेतली आणि एकेका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. चौथ्या कोपऱ्यावर तो थांबला.

"मधू, हा उघडा हाय रे!"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा! मला कसं दिसलं नाही?"

"म्हातारा झाला तू. आण दुसरी पट्टी, मी सांगतो तसा काप."

सोमा ताठ उभा राहून सांगत होता आणि मिस्त्री शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. नवा काप असा बसला की जोड शोधून सापडेना. निघताना मिस्त्रींनी विचारलं, "पुढच्या बुधवारी येशील ना?"

"यावंच लागंल. तुला दुसरं हाय कोण?"

"कोणी नाही रे," मिस्त्री म्हणाले. आणि ते मात्र अगदी खरं होतं.