आठवा उमेदवार

ज्ञान माणसाला एकट्यालाही होते. प्रशिक्षण मात्र किमान आठ उमेदवार असल्याशिवाय होत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरची ‘प्रगल्भ कौशल्य प्रबोधिनी’ या तत्त्वाला इतकी जागे, की अन्नसुरक्षा निरीक्षकाचा दोन दिवसांचा वर्ग तिने आषाढापासून दिवाळीपर्यंत पाच वेळा जाहीर केला आणि पाचही वेळा आयत्या वेळी रद्द केला. (माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ‘सातत्य’ असे छापले आहे.)

पाचही वेळा निलोफर पिंजारी पिंपळगावहून निघाली होती. तिथल्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ती नऊ हंगाम घड तपासत होती. तडकलेला मणी तिला घड हातात न घेता कळे. पण नोकरी हंगामी: जानेवारीत या, एप्रिलमध्ये जा. यंदा मालक म्हणाले होते, “प्रमाणपत्र आणा, सुपरवायझर करतो. बारा महिने काम.”

वर्ग रद्द झाल्याचा संदेश संस्था न चुकता पाठवी. दोनदा तो निलोफरला ओझरला मिळाला, दोनदा आडगावला आणि एकदा संस्थेच्या जिन्यात. कारणातही तोचतोचपणा नसे. उमेदवार कमी, उमेदवार जास्त, प्रशिक्षकांच्या मेहुण्याचा साखरपुडा, त्याच मेहुण्याचे लग्न, आणि ‘अपरिहार्य’. परतीच्या बसमध्ये निलोफर वर्गाचे पुस्तक वाची. पाच वर्ग रद्द होईपर्यंत ते तीनदा वाचून झाले. वर्ग पूर्ण केलेल्या एकाही उमेदवाराबाबत अशी नोंद संस्थेकडे नाही.

सहाव्या वेळी सासूबाई म्हणाल्या, “बेटा, डबा कशाला नेतेस? दुपारी घरीच जेवशील.”

निलोफरने डबा नेला. आडगावला संदेश आला: ‘सातच उमेदवार असल्याने वर्ग रद्द. सहकार्याबद्दल आभार.’ या वेळी ती बसमधून उतरली नाही. नाशिकला पोहोचली, जिना चढली आणि समन्वयक योगेश सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. बाकावर सटाण्याचा भिका आहिरे आधीच बसला होता. संदेश त्यालाही आला होता, पण संस्थेचे संदेश वाचणे त्याने तिसऱ्या वर्गापासून सोडले होते.

“नियम आठचा आहे, मॅडम,” योगेश सर मृदू आवाजात म्हणाले. (रद्द करण्याचा अनुभव असला की आवाज मृदू होतो.)

“बाकीच्या पाच जणांना मी फोन करून बोलावते. आठवा तुम्ही द्या.”

“मी कुठून देऊ?”

भिकाने दाराकडे बोट केले. “तो माणूस नही शे का?”

दारात संस्थेचा पन्नाशीचा वॉचमन दत्तू स्टुलावर बसला होता. त्याचे नाव लिहिले गेले. बारापर्यंत आठही जण हजर झाले, आणि मग कळले की प्रशिक्षकच येणार नाहीत. त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, आणि नूतनीकरणाचा वर्ग दुसऱ्या एका संस्थेने कालच रद्द केला होता. (उमेदवार कमी.)

योगेश सरांनी सवयीने मोबाइल उचलला.

“थांबा,” निलोफर म्हणाली. “मी शिकवते.”

आणि तिने शिकवले. दुसऱ्या दिवशी भिकाने बागलाणातले हंगामाआधीचे घड आणले. डोळे मिटून नुसत्या वासावर आंबलेला मणी कसा ओळखायचा, हे तिने प्रत्येकाकडून करून घेतले. दत्तूला ते पहिल्याच फटक्यात जमले. तो लहान पोरासारखा हसला. नऊ हंगामांत निलोफरला कुणी मॅडम म्हटले नव्हते; त्या दोन दिवसांत सात जण म्हणत होते.

संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली गेली. सात.

“माझं?” तिने विचारले.

“प्रशिक्षकाला त्याच वर्गाचं प्रमाणपत्र कसं देता येईल, मॅडम? वर्ग सुरू करायला आठ उमेदवार लागतात, संपवायला नाही.”

“मग प्रशिक्षक म्हणून तरी माझं नाव लिहा.”

“त्यासाठी तुमच्याकडे हे प्रमाणपत्र हवं.”

सातही प्रमाणपत्रांवर गैरहजर प्रशिक्षकांची सही आधीपासून छापलेली होती. निलोफर बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली आणि पिंपळगाव येईपर्यंत तिने मान वळवली नाही.

जानेवारीत मालकांनी जाहिरात देऊन प्रमाणपत्रधारक सुपरवायझर नेमला: दत्तू. पहिल्या दिवशी तो तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“मॅडम, मला लय लाज वाटती. मी मालकांना सांगतो, मला जमायचं नाय.”

निलोफर म्हणाली, “नको, दत्तूभाऊ. तुम्ही गेलात तर दुसरा कुणी प्रमाणपत्रवाला येईल. तुम्हाला निदान मी शिकवलंय.”

त्या हंगामात ती सांगत गेली, दत्तू सही करत गेला, आणि परदेशातून एकही कंटेनर परत आला नाही. मालकांनी दत्तूचा सत्कार केला. एप्रिलमध्ये निलोफर नेहमीप्रमाणे घरी गेली.

वाचकांना हे हास्यास्पद वाटणे साहजिक आहे. त्यांनी एकदा आपल्या ऑफिसच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहावे. त्यावर ज्यांची सही आहे, त्यांचा चेहराही आठवणार नाही. ज्या बाईने हाताला धरून काम शिकवले, ती मात्र समोरच्याच टेबलावर असेल. तिच्या रजेचा अर्ज तुमच्याकडे मंजुरीसाठी पडून आहे.