नव्व्याण्णव सभांचा माणूस

"एकही रकाना रिकामा सोडायचा नाही," असा नवऱ्याचा बायकोला हुकूम.

'मौन हीच खरी राजकीय कृती' हा त्याच नवऱ्याचा लाडका सिद्धांत. सिद्धांताचं वय वर्षं अठरा, पुरावा शून्य.

शेवटच्या बाकावर विभागप्रमुख बाई.

एवढा दारूगोळा एका वर्गात जमला, की काहीतरी फुटणारच.

राज्यशास्त्राच्या सरांनी जन्मभर थिअरी शिकवली. आकडे त्यांना फक्त पानांच्या कोपऱ्यात चालत. बाईंनी बजावलं होतं, "नुसती थिअरी पुढच्या सत्रापासून बंद. डेटा शिकवून दाखवा, नाहीतर घरी बसा." म्हणून सरांनी कॉलेजभर सर्वेक्षणाचे फॉर्म वाटले, बायकोनं ते संगणकात भरले, आणि आज बाईंसमोर तास होता.

सरांनी पडद्यावर तक्ता लावला. "वर्षात किती राजकीय सभांना गेलात? बोलक्या लोकांची सरासरी दोन. आणि 'राजकारणावर बोलायचं नाही' अशी खूण करणाऱ्यांची? नव्व्याण्णव! मौन जिंकलं!"

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, सगळेच बरोब्बर नव्व्याण्णव? एकही अठ्ठ्याण्णव नाही?"

"शिस्त, बाळ. मौनाला शिस्त असते."

"वयही सगळ्यांचं नव्व्याण्णव दिसतंय."

सरांना घाम फुटला. "अनुभवी माणूसच गप्प बसतो."

"आणि मुलांची संख्या? तीही नव्व्याण्णव."

"मग सभांनाच जाणार ना," मागून कुणीतरी म्हणालं. "घरात बसायला जागा कुठाय?"

वर्ग खदखदा हसला. बाई म्हणाल्या, "घरी फोन लावा. स्पीकरवर."

"अहो, रिकामं सोडू नकोस म्हणालात ना?" बायकोचा आवाज वर्गभर घुमला. "उत्तर नसेल तिथं नव्व्याण्णव टाकू का, विचारलं होतं मी. पेपरातून डोकं वर न काढता 'उत्तम' म्हणालात! आणि येताना—"

सरांनी फोन कापला. सिद्धांत आडवा झाला होता, नोकरी व्हायच्या बेतात होती. ते खुर्चीत बसले. "सांगा, काय काय चुकलं?"

चाळीस हात वर गेले. आजवर त्यांच्या तासाला हात फक्त जांभई झाकायला उठत. पोरांनी तो तक्ता सोलून काढला, नव्व्याण्णव वगळून सरासरी काढली, आणि तास संपला तरी कुणी जागचं हलेना.

दाराशी बाई थांबल्या. "डेटाचा पेपर तुम्हीच शिकवा. दरवर्षी असंच चुकता येईल?"

"न शिकताच येतं, मॅडम."

"फक्त मूळ फॉर्म वर्गात दाखवत बसू नका."

फॉर्म वाटले त्या दिवशी 'राजकारणावर बोलायचं नाही' यावर पहिली खूण विभागप्रमुख बाईंनी केली होती, आणि वयासकट बाकीचे सगळे रकाने रिकामे सोडले होते.