थापा तपासणारी गयामावशी

नवरा मेल्यावर त्याच्या थापा पकडायला पायी निघालेली बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. ती माझी शेजारीण होती, आणि आमच्या दोघींच्या मध्ये एक कुडाची भिंत तेवढी होती, म्हणून तिची निम्मी भांडणं मी चुलीपुढं बसूनच ऐकली.

आमचं गाव वरवट बकाल. मागं सातपुडा, पुढं काळी जमीन. गयामावशीचा वांग्या-मिरचीचा मळा होता आणि नवरा गाडीवाला. दुसऱ्यांचा कापूस, मिरची गाडीत भरायचा, जिल्हाभर हिंडायचा आणि परत आला की पारावर बसून सांगायचा. नाव उखर्डा. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हा जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर लोळवून तेच नाव ठेवलं. यमाला किळस यावी म्हणून. आमच्याकडं असे घरटी सापडतात.

उखर्डाकाका सांगायचा, लोणारला मोठ्ठा खड्डा हाये, त्यात तळं, तळ्याकाठी जुनी पडकी देवळं, अन् एकाच विहिरीत एका अंगाले गोड पानी, एका अंगाले खारं. लोक हसायचे. सांगायचा, रोहिणखेडच्या जुन्या मशिदीत दगडाले येल फुटली अन् त्या येलीले अक्षरं लागले. लोक मांडीवर थाप मारून हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसायचं? गयामावशी! "लबाड मेला!" म्हणायची. तो म्हणायचा, "एक डाव तुले नेतो, मंग पाह्य." ती म्हणायची, "गाडीत बसून थापा पाहाले येऊ का? वांगे कोन तोडीन?"

नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही. ते तर कोणतीच बाई घेत नव्हती, पण हिचं जरा जास्तच. एकदा बाहेरगावच्या तलाठ्यानं विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव?" ही म्हणाली, "आपन शेन कुठं टाकतो?" तो म्हणाला, "घरामागं." "हाव, थेच." बिचारा उठून घरामागं जाऊन पाहून आला.

काका तापानं गेला. तेव्हा महाराष्ट्र नवा नवा झाला होता. वर्षही उलटलं नसेल, पारावर कोणीतरी काहीतरी ठोकून दिलं आणि दुसरा म्हणाला, "अबे, तू तं उखर्ड्याच्या वर निघाला!" सगळे खो-खो हसले. नेमकी तेव्हाच गयामावशी डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन चालली होती. थांबली. पाटी खाली ठेवली.

"काऊन हासता बे?" म्हणाली. "मी एकेक गोठ सोता पाहून येतो. एक जरी खोटी निघाली, तं मीच ह्या पारावर येऊन सांगन का माहा नवरा थापाड्या होता. पन खऱ्या निघाल्या तं?"

सगळे वांग्यांकडं बघत बसले.

झालं! मार्गशीर्षात ऊन निवलं की ही निघायची. दीर आडवा आला, "बाईमानसानं देवाले जावं, नवस फेडाले जावं. नुसतं पाहाले कोन जाते?" मावशी म्हणाली, "पाय माहे, रस्ता सरकारचा. तुमच्या बापाचं काय जाते?" दिराचा बाप म्हणजे तिचाच सासरा, पण बोलून गेली ती गेली. "नवं राज्य झालं म्हनता ना? मंग पाहू द्या मले माहं राज्य!"

लोणार म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. वाटेत देवळात, धर्मशाळेत, कोणाच्या ओट्यावर मुक्काम करत ती गेली आणि आली. आता आमच्याकडं रीत अशी, की लांबून पायी आलेल्या माणसाचे पाय वेशीवर धुवायचे आणि प्रसाद मागायचा. माझी सासू चार बाया घेऊन, पाण्याची घागर घेऊन उभी. पाय धुतले, त्यांवर कुंकवाची बोटं ओढली, पदर पसरला. "गया, परसाद?"

"कायचा परसाद वं? मी देवाले गेलीच नाही. विहिरीचं पानी प्याले गेली होती."

सासूचा पदर तसाच राहिला.

"एका अंगाचं गोड, एका अंगाचं खारं," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. "सासू-सुनेची विहीर म्हनतात तिले. दोन्हीकडचं पेली. सासूच्या अंगाचं कोनतं थे तुमचं तुमी समजा!"

सासूनं महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. मला मात्र त्या महिन्यात फार बरं वाटलं.

पुढच्या साली रोहिणखेड. तिथं मशिदीत एक म्हातारे चाचा भेटले. हिनं दगडातल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कोरलेलंच हाये ना? कोनी रंगानं तं नाही काढलं?" चाचा म्हणाले, "कोरेल है बाई. बहुत पुराना." ही तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली. चाचांना वाटलं बाई दमली. त्यांनी चहा पाजला. ही गोष्ट तिनं पारावर सांगितली नाही, मला सांगितली. पारावर एवढंच सांगितलं, "येल हाये. अक्षरं हायेत. हासा आता!"

असं करत करत सगळ्या गोष्टी खऱ्या निघाल्या. एकच अडली, आणि तीही घरामागच्या सातपुड्यातली. काका सांगायचा, डोंगरात एक कडा हाये, त्याच्यापुढं नाव घेतलं का थो तीनदा परत देते. मावशी दोन साल जाऊन आली. "ओऽ" म्हणून ओरडली, गावांची नावं घेतली, दिराचं नावसुद्धा घेतलं. कडा एकदाच बोलायचा, तेही तोंडात पान असल्यासारखं. पारावर कुजबुज सुरू झाली. "बाई आता गप्प काऊन हाये बे?"

तिसऱ्या साली तिचा गुडघा सुजला. मी म्हटलं, मी येते सोबत. सासू म्हणाली, "दोन बाया डोंगरात? लोक काय म्हनतीन?" मी म्हणाले, "पाय माहे, रस्ता सरकारचा." माझ्या तोंडून हे कसं निघालं देव जाणे. नवरा जेवता जेवता थांबला आणि मग निमूट भाकरी मोडायला लागला.

पहाटे निघालो. सागाच्या वाळक्या पानांतून, कोरड्या नाल्याच्या गोट्यांवरून. मावशी एक हात माझ्या खांद्यावर ठेवून चालत होती आणि वाटभर मेलेल्या माणसाला शिव्या घालत होती. "पाह्य, इथं बसला असन बिडी पेत! घरी सांगे, बैल दमले."

ऊन चढल्यावर कडा आला. काळा, उभा, खाली खोल दरी. मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओऽऽ!"

एकदाच.

"वरवऽऽट!"

एकदाच. मग ती ओरडत गेली, ओरडत गेली, घसा बसला. शेवटी दगडावर बसली आणि गुडघा धरून रडायला लागली. "शांते, हे एक खोटं निघालं तं सारंच गेलं वं. लोक विहीर इसरतीन, अक्षरं इसरतीन, अन् हेच ध्यानात ठेवतीन. लोकाइचं जाऊ दे, मीच हासली होती त्याले. सगळ्याइच्या वर मी."

मी सहज विचारलं, "काकानं इथं कोनाचं नाव घेतलं होतं?"

ती पदराशी चाळा करायला लागली. पन्नाशीची बाई, कानापर्यंत लाल झाली. "माहं," म्हणाली. "गया म्हनलं का गया, गया, गया. म्या म्हनलं, डोंगराले काय मी ठाव हावो?"

"मंग तुमी त्याचं घ्या. फिटंफाट."

"अवं बाई! नवऱ्याचं नाव?"

"इथं कोन हाये ऐकाले?"

ती उठली. डोक्यावरचा पदर नीट केला, जशी काही समोर सासरची माणसं बसली होती. तोंड उघडलं, मिटलं. मग एकदम, बसलेल्या घशानं, सगळा जीव लावून ओरडली, "उखर्डाऽऽऽ!"

उखर्डा, कडा म्हणाला. उखर्डा, खालून दरी म्हणाली. आणि मग काहीतरी हललं, वारा असेल, नाहीतर सागाचं पान असेल.

मावशी माझ्याकडं वळली. "तीन ना वं?"

"तीन," मी म्हणाले.

दिवस कलायच्या आत आम्ही पारावर होतो. मावशी सगळ्या बाप्यांपुढं उभी राहिली. "तीनदा देते." एकानं दात काढले, "अन् साक्षीदार?" मी पुढं झाले, "मी हावो. तीनदा. म्या माह्या कानानं ऐकलं." दुसऱ्यानं खोचून विचारलं, "नाव कोनाचं घेतलं, गयाबाई?"

"उखर्डा," ती म्हणाली. भर पारावर, दिरासमोर. "माह्या नवऱ्याचं नाव. पुन्हा घेऊ का?"

सगळे पायाखालची माती पाहायला लागले. त्यानंतर आमच्या पारावर थापा पुष्कळ झाल्या, पण त्या मोजायला काकाचं नाव कोणी काढलं नाही.

घराकडं येताना मी आनंदात होते. मावशी गुडघा धरत मागून येत होती. कुडाच्या भिंतीपाशी आल्यावर ती थांबली आणि हळू म्हणाली, "एक खोटी निघाली, शांते. पन थे मी पारावर नाही सांगत."

"कोनती?"

"म्हने, एक डाव तुले नेतो."

पदरानं नाक पुसलं, आणि मग नेहमीच्या आवाजात ओरडली, "चाल, उभी काऊन राह्यली? वांग्याले पानी द्याचं हाये."